रिकामी गव्हाण

डिसेंबर अर्धा सरला की बायच्या ओसरीवर नाचणी उगवायची. करवंट्यांत, डब्यांच्या झाकणांत, कड उडालेल्या एका बशीत माती आणि शेणखत कालवून तिने मूठमूठ नाचणी पेरलेली असे. सावंतवाडीकडच्या त्या धुकाळ सकाळी, मळ्यावरून गारठा सरपटत गडग्यापर्यंत आला असताना, ते केसासारखे बारीक पोपटी कोंब सगळे एकाच बाजूला मान कलती करून उभे राहत, आणि प्रत्येकाच्या टोकाला दवाचा एकेक कण लोंबे. मला वाटे, हिने नवरात्राचे घट उशिरा बसवले.

बाय आमची गडग्यापलीकडची शेजारीण. तिच्याकडे नाताळ म्हणजे आधी हे रान पिकवणं. मग कोपऱ्यात गोठा उभा राही. पेंढ्याचं छप्पर, आरशाच्या तुकड्याचं तळं, नाचणीचं कुरण, आणि वर्षभर पेटीत जुन्या वर्तमानपत्रात निजलेली मातीची माणसं. नाक उडालेला एक मेंढपाळ होता. एक बैल, एक गाढव. दारात बांबूच्या कामट्यांचं नखेत्र टांगलेलं. पतंगाचा कागद, घरची खळ, आत दिवा. दोन महिन्यांपूर्वी आमच्या दारात लावलेल्या कंदिलाचा तो मावसभाऊच.

आणि गोठा तर मला ओळखीचाच होता. दिवाळीच्या पाडव्याला आजी अंगणात शेणाचा गोठा घाली. कारिटाला चार काड्या टोचल्या की गाय, बारक्या कारिटाला टोचल्या की वासरू. दुपारच्या उन्हात शेण सुकून भेगाळे आणि कारिटांच्या हिरव्या पाठी चकाकत. त्यामुळे बायकडे देव गोठ्यात जन्मतो याचं मला कधी नवल वाटलं नाही. दुसरीकडे कुठे जन्मणार?

नवल वाटलं ते एका संध्याकाळी. चोवीस तारीख होती. आतून नारळाच्या रसाचा आणि तळणाचा वास येत होता, नेवऱ्यांची परात कपड्याखाली झाकलेली होती. मी गोठ्यापाशी उकिडवी बसून पाहिलं, तर आई आहे, बाप आहे, जनावरं आहेत, आणि मधली काडेपेटीएवढी गव्हाण रिकामी. मी घाबरलेच. बाळ हरवलं की काय!

बाय चुलीकडून म्हणाली, “अजून येवक नाय तो. रातीक येतलो.”

मी घरी आले, पण ती रिकामी गव्हाण डोळ्यांपुढून हलेना. आमच्या घरात त्याबाबत कायदा कडक होता. आजी निजण्याआधी कंदील घेऊन गोठ्यात जायची आणि गव्हाणीत हात घालून चाचपायची. “गव्हाण रिकामी ठेवची नाय. मुक्या जनावराक रातची भूक लागली, तर ता सांगतला कोणाक?” मग मी काय करावं? आमच्या उडवीतून मूठभर पेंढा उपसला, पुन्हा गडगा ओलांडला आणि बायच्या त्या इवल्याशा गव्हाणीत कोंबला. अर्धा बाहेर सांडला. मेंढपाळ आडवा झाला. बायने पाहिलं, काही बोलली नाही. मेंढपाळाला तेवढं उठवून उभं केलं.

खूप पुढे ग्रेच्चोची गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला तो यामुळे. इटलीतलं डोंगराच्या कडेला चिकटलेलं गाव, साल 1223. असिसीच्या फ्रान्सिसला त्या वर्षी बेथलेहेमची गरिबी डोळ्यांनी पाहायची होती. त्याने गावच्या एका मित्राला सांगून गव्हाण मांडवली, त्यात गवत भरलं, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं. माणसं मशाली घेऊन रान चढून आली. गव्हाणीवरच मिसा झाली. बेथलेहेम हा शब्द उच्चारताना फ्रान्सिस कोकरासारखा बेंबटायचा, असं त्याचा पहिला चरित्रकार लिहितो. आज जगभर नाताळात जे गोठे मांडले जातात, त्यांचं कूळ लोक त्या रात्रीपर्यंत नेऊन भिडवतात. पण मला त्यातली एकच गोष्ट विलक्षण वाटते. बाळाची मूर्ती तिथे नव्हतीच. गवत होतं, जनावरांचा ऊबदार श्वास होता, आणि मधोमध मोकळी जागा. जमलेल्यांपैकी एकाला तिथे निजलेलं मूल दिसलं, म्हणतात. बाकीच्यांना काय दिसलं असेल?

बहुधा गवतच.

आणि ते गवतही वाया गेलं नाही. लोकांनी ते जपून ठेवलं आणि आजारी गुरांना घातलं. फ्रान्सिसची तर इच्छा होती की या सणाला बैलागाढवांना रोजच्यापेक्षा जास्त चारा मिळावा, पाखरांसाठी वाटेवर दाणे फेकावेत. आजीचं आणि त्याचं जमलं असतं.

बैल आणि गाढव मूळ कथेत नाहीतच, हेही नंतर कळलं. लूकच्या जन्मकथेत गव्हाण तीनदा येते, तिच्यापाशी जनावर एकदाही नाही. ती दोघं आली यशया संदेष्ट्याच्या जुन्या वचनातून: बैलाला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माणसाला मात्र कळत नाही. तारखेचंही तसंच. जन्म कोणत्या दिवशी झाला ते लूक सांगत नाही. रोममध्ये 25 डिसेंबरचा सण 336 सालापासून नोंदलेला सापडतो, आणि दिवस पुन्हा वाढू लागण्याच्या जुन्या सूर्यसणाशी त्याचं नातं किती, यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत बापडे. गव्हाणीपाशी एकदा भूक उभी राहिली की जनावरं आपसूक येणारच, आणि थंडीच्या लांबलचक रात्री माणूस दिवा लावणारच.

मी अडकते ती त्या जागेपाशी. बेथलेहेम म्हणजे हिब्रूत भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरी, जिथे चारा घालायचा तिथे बाळ घातलं. मोठेपणी हाच माणूस भाकरी मोडून हे माझं शरीर म्हणून हातावर ठेवणार; बायच्या चर्चमध्ये दर मिसेला तो पातळ पांढरा घास जिभेवर ठेवला जातो. म्हणजे पाळणा नव्हता म्हणून नाइलाजाने शोधलेली ती जागा नव्हतीच की काय? खाद्याच्या जागी खाद्य ठेवलं होतं. ही कथा आपल्या भाषेतही जुनीच. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, आणि 1616 मध्ये राशोलला छापलेल्या आपल्या क्रिस्तपुराणात त्याने ही जन्मकथा मराठी ओवीत सांगितली. ओवी म्हटलं की मला मात्र पोथी आठवत नाही, आजीचं जातं आठवतं. जात्याच्या तोंडात सोडायच्या दाण्यांच्या मुठीला आपण वैरण म्हणतो. गव्हाणीतली ती वैरण, जात्यातलीही वैरणच. एकच शब्द गुरांना आणि दगडाला पोसतो.

आता गोठा नाही. तिथे मोटारसायकल असते. गव्हाणीची एक फळी तेवढी मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. वरची कड मधोमध खोलगट झालेली, गुरांच्या माना घासून घासून शिसवीसारखी काळी आणि गुळगुळीत. तिच्यावरून बोट फिरवलं की कुठे काही टोचत नाही.

त्या चोवीस तारखेच्या रात्री मी आजीच्या कुशीत जागीच पडले होते. घोंगडी अंगाला टोचत होती. बाहेर मळ्यावर चांदणं आणि धुकं एकमेकांत इतकं मिसळलेलं की झापाच्या फटीतून आत येत होतं ते नेमकं कोणतं, सांगता येऊ नये. झोप लागत आली, आणि मळ्याच्या पलीकडून घंटा वाजायला लागली. एक, मग दुसरी तिच्यावर धावत, मग सगळ्याच. गोठ्यात गाय उठून उभी राहिली. तिच्या गळ्यातली घाट खुळखुळली.

आजी झोपेतच कुशीवर वळली आणि पुटपुटली, “इलो वाटता.”