घड्याळजीचा मुलगा

‘वॉचमेन’ या मालिकेचा चौथा अंक डिसेंबर १९८६चा. नाव ‘वॉचमेकर’, म्हणजे घड्याळजी. लेखन ॲलन मूरचं, चित्रं डेव्ह गिबन्सची, रंग जॉन हिगिन्सचे. सुपरहिरो कॉमिक म्हटलं की मारामारी हवी, खलनायक हवा, शेवटी पुढच्या अंकाची ओढ लावणारं संकट हवं. या अंकात त्यातलं जवळपास काहीच नाही. एक निळा माणूस मंगळावर एकटा आहे, त्याच्याकडे एक जुना फोटो आहे आणि तो आठवतोय. पण ‘आठवतोय’ हे क्रियापद इथे चुकतं, आणि सगळी गंमत त्या चुकण्यातच आहे.

हा जॉन ऑस्टरमन, भौतिकशास्त्रज्ञ. १९५९ साली तो प्रयोगशाळेच्या एका कक्षात अडकतो आणि त्याच्या शरीराचा कण न् कण सुटा होतो. काही महिन्यांनी तो स्वतःला पुन्हा जोडून परत येतो: आधी मज्जासंस्था, मग रक्तवाहिन्या, मग सांगाडा, मग पूर्ण माणूस. तेव्हापासून तो डॉक्टर मॅनहॅटन. त्याच्यासाठी काळ वाहत नाही. १९४५, १९५९, १९८५ सगळं आत्ताच चालू आहे. फोटो काही सेकंदांनी हातातून पडणार हे तो सांगतो, आणि त्याच वेळी तो पडलेलाही असतो.

मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. कुठला ते क्रियापदावरून कळतं. या माणसाकडचं क्रियापदच मूरने काढून घेतलंय. अख्खा अंक वर्तमानकाळात बोलतो.

मी सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरतो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटलं. रात्री सिस्टीम पडते, सकाळी आपण लॉग उघडतो. दोन वाजून चौदा मिनिटांची एरर आणि त्याआधीच्या तासाभरातल्या सगळ्या ओळी एकाच स्क्रीनवर असतात. बिघाड कुठून सुरू झाला ते दिसतं, पण त्या ओळींना हात लावता येत नाही. डॉक्टर मॅनहॅटन स्वतःच्या आयुष्याचा लॉग वाचतोय, फक्त त्यात उद्याच्या ओळीही आहेत.

हे कॉमिकमध्येच जमतं. सिनेमात एका वेळी एकच दृश्य दिसतं. कॉमिकच्या पानावर सगळ्या चौकटी एकदम समोर असतात. काळ आपल्या डोळ्याच्या वेगाने चालतो. म्हणून एक सल्ला: फोनवर एकेक चौकट मोठी करून हा अंक वाचू नका. पूर्ण पान दिसेल असंच धरा, नाहीतर निम्मा अंक हातातून गेला समजा.

आता घड्याळजीकडे. जॉनचे वडील ब्रुकलिनमध्ये घड्याळं दुरुस्त करतात. मुलगाही तेच शिकतोय. समोर काळ्या मखमलीवर सुटे भाग मांडलेत. ऑगस्ट १९४५. वडील पेपर घेऊन येतात, त्यात हिरोशिमाची बातमी. शिवाय आइन्स्टाइन म्हणतो की काळ सगळीकडे सारखा नसतो. मग घड्याळजी कशाला हवा? ते ती सगळी चाकं उचलून बाहेर फेकून देतात. मुलाने अणुविज्ञान शिकायचं, ठरलं. (त्या गृहस्थांना हे सांगायला हवं होतं की सापेक्षतेमुळे घड्याळजीची गरज उलट वाढली. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तो फरक धरला नाही, तर तुमच्या फोनवरचा नकाशा भलतीकडे नेईल.)

हे पान मी बराच वेळ पुढे सरकवू शकलो नाही. चिकलठाणा एमआयडीसीत माझे वडील लेथवर टर्नर होते. पाळ्यांवर घर चालायचं. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी गप्पा, नाईट असली की दिवसभर आम्ही पाय न वाजवता फिरायचो. सीएनसी मशीन आल्या आणि त्यांच्या वर्कशॉपचं काम आटत गेलं. मी आठवीत होतो. लेथ बघायला म्हणून गेलो, तर म्हणाले, “हात लावू नको. हे काम आता संपायलंय बघ. तू कॉम्प्युटरचं बघ.” एवढंच. आमच्याकडे बाल्कनी नव्हती, पण चाकं फेकली गेलीच.

गंमत म्हणजे ते स्वतः वेताळाचे वाचक. टाइम्स ऑफ इंडियाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघाली, मराठीतही. तरुणपणी ते अंक भाड्याने आणून वाचायचे. ली फॉकच्या त्या वेताळाची काळावर मात करण्याची युक्ती साधी आहे: बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. अशा एकवीस पिढ्या. जगाला वाटतं, वेताळ मरतच नाही. तिथे मुलाने बापाचं काम घेतलं की काळ थांबतो. मूरच्या अंकात बाप मुलाला कामापासून तोडतो आणि काळच मोडून पडतो.

अंकात मला खटकणारी गोष्टही आहे. जेनी, जॉनची मैत्रीण, वय वाढण्यापलीकडे फारशी काही करत नाही. तिचं घड्याळ जॉन दुरुस्त करतो, ते घ्यायला परत जातो म्हणून कक्षात अडकतो. पण तिच्या बाजूने हा काळ कसा गेला, ते मूर सांगत नाही. आणि जॉनचं ते पालुपद, की होणारं आधीच झालंय, मी काय करू? केनेडींचा खून माहीत असूनही तो गप्प बसतो. याला काही वाचक शहाणपण समजतात. मला ती शरणागती वाटते. वर्कशॉप बंद झालं तेव्हा वडीलही म्हणाले होते, “होणार होतं ते झालं.” पण दुसऱ्याच दिवशी ते माझ्या क्लासची फी विचारायला गेले.

मागच्या महिन्यात मी त्यांना टॅबवर ते चाकं फेकण्याचं पान दाखवलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “फेकायची कशाला? भंगारात तरी भाव आला असता.” मग थोडं थांबून, “आणि पोराचा हात बसला होता ना.”

बसलेला हात जात नाही, हे मूरलाही माहीत आहे. शेवटी मंगळावर जॉन जो महाल उभा करतो, तो एखाद्या प्रचंड घड्याळाच्या आतल्या भागासारखा दिसतो. मीही कोड तपासताना ‘चालतंय’वर थांबत नाही, किती फरक चालेल ते आधी ठरवतो. हे कॉलेजात शिकवलेलं नाही. जॉब चकमधून काढण्याआधी दोनदा मायक्रोमीटर लावणाऱ्या माणसाकडून ते आलंय.

सध्या आमच्या ऑफिसात रोज चर्चा असते की कोड आता मशीनच लिहील. खरंही असेल. पेपरमधल्या एका बातमीवर पोराचं आयुष्य वळवणारा तो घड्याळजी भविष्याबद्दल चुकला नव्हता. हाताबद्दल चुकला होता. उद्या मला कुणी विचारलं की हे शिकू की नको, तर उत्तर माझ्याकडे नाही. पण समोर मांडलेली चाकं मी बाहेर फेकणार नाही.