वळिवड्याच्या चुली

मिरजेहून कोल्हापुरास जाणारी पॅसेंजर गाडी रुकडी सोडते, पंचगंगेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात वळिवडे नावाच्या एका लहानशा स्टेशनावर येऊन थांबते. येथे उतरणारे उतारू थोडे, आणि जे उतरतात ते बहुधा गांधीनगरच्या पेठेत कापड खरेदीस निघालेले व्यापारी. गेल्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षक मास्तरांना सोबत घेऊन तेथे उतरलो. आमच्या अंगावरचा पांढरा झगा व रिकामे हात पाहून एका उतारूने, ‘फादर, कोल्हापूर अजून पुढं हाय,’ असे सांगून आम्हांस परत गाडीत चढविण्याचा मोठ्या आपुलकीने प्रयत्न केला. त्याचे तरी काय चुकले? वळिवड्यास बेळगावकडच्या धर्मगुरूचे काय काम असणार?

काम होते ते असे. १९४३ सालच्या मध्यापासून १९४८ पर्यंत या रुळांच्या कडेला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांचे एक गाव नांदत होते. त्यांत बहुतेक सर्व बायका व मुले. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी एक बालराजे होते. म्हणजे राजाही मूल आणि पाहुणेही मुले, असा तो काळ. पंचगंगेच्या काठी पोलिश शाळा भरत होत्या, पोलिश भाषेत उपदेश होत होता आणि बालवीरांची पथके कवायत करीत होती. त्या बालवीरांना शिकविण्यास आलेले एक तरुण सैनिक अधिकारी, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की, पुढे स्वतः धर्मगुरू झाले.

ही माणसे इतक्या दूर कशी आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळले. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे रात्री दारे ठोठावून उठविण्यात आली आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे रवाना झाली. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटल्यावर करार झाला व त्यांची सुटका झाली. मग उपाशी, आजारी माणसांचे लोंढे दक्षिणेकडे वाहू लागले. १९४२ साली ते कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. वाटेत किती आया व किती लेकरे मागे मातीत राहिली, त्याचा हिशेब परमेश्वराजवळ आहे. इस्फहान शहरात इतकी पोलिश मुले ठेवण्यात आली की त्याला ‘पोलिश मुलांचे शहर’ असेच नाव पडले.

आता एक गोष्ट आम्ही वाचकांपासून लपवून ठेवणार नाही. ख्रिस्ती दानधर्माची कथा सांगावी म्हणून आम्ही कागद पुढे ओढला. पण हिंदुस्थानात या मुलांसाठी पहिला दरवाजा उघडला तो एका हिंदू राजाने. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांची छावणी वसविली. ती तयार होईपर्यंत पहिल्या तुकडीची मुले १९४२ च्या उन्हाळ्यात मुंबईस वांद्र्याला राहिली होती. शेजाऱ्याची आज्ञा आम्ही दर रविवारी वाचून दाखवितो. जामसाहेबांनी ती न वाचताच पाळली. पुढे अनेक हात लागले. मुलांसाठी निधी उभारणाऱ्या समितीत दिल्लीचे आर्चबिशप होते व एका मठाच्या मदर सुपीरियरही होत्या. पाचगणी व अबू येथील मिशनच्या शाळांनी मुलांना आपल्या बाकांवर जागा दिली. अमेरिकेच्या कॅथोलिक बिशपांनी १९४३ साली युद्धपीडितांच्या साहाय्यासाठी जी संस्था काढली, तिने आरंभीच हाती घेतलेल्या कामांत पोलिश निर्वासितांचे काम होते. आणि बालाचडीचे प्रमुख फादर फ्रांचिशेक प्लूटा यांनी तर फार मोठे धाडस केले. युद्ध संपल्यावर वॉर्साच्या नव्या राजवटीने अनाथ मुलांना परत मागितले, तेव्हा जामसाहेब, फादर प्लूटा आणि एक ब्रिटिश अधिकारी अशा तिघांनी मिळून त्या मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. ब्रह्मचारी धर्मगुरू शेकडो मुलांचा कागदोपत्री बाप झाला! १९४६ साली बालाचडी बंद झाली, तेव्हा तेथील पुष्कळ मुले येथे वळिवड्यासच आली.

पण आम्हांस येथे ओढून आणले ते या कशानेही नव्हे. आम्हांस पाहावयाच्या होत्या चुली.

बालाचडी ही मुख्यतः अनाथांची छावणी, वळिवडे कुटुंबांचे. येथल्या लांबलचक बराकींत खण पाडलेले होते. प्रत्येक कुटुंबास आपला खण, आपले स्वयंपाकघर व पुढे आपली पडवी. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारचा. घरटी भत्ता मिळे व त्यात बाईने आपला संसार करावा. ती बाजार करी, घासाघीस करी, कोबी निवडी, मुलांवर रागावे. आसपासच्या खेड्यांतले भाजीवाले व अंडीवाले पोलिश भाषेत हाळी देण्यास शिकले, असे कोल्हापुरात सांगतात. सायबेरियात पावाच्या तुकड्यासाठी जी आई रांगेत उभी राहिली, तिला येथे कोणी पंगतीत बसवून वाढले नाही. तिच्या हाती पळी दिली. तिच्या मुलांनी पाच वर्षे आपल्या आईच्या हातचे खाल्ले.

याच वाटेवर एक काटा आहे, तोही सांगतो. ज्या १९४३ साली ही छावणी उभी राहिली, त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्यासाठी कोणत्या सरकारने बराकी बांधल्या? मास्तरांनी गाडीत हा प्रश्न विचारला, आणि आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या पोलिश लेकरांच्या ताटातला घास काही चोरीचा नव्हता. तरी प्रश्न उरतोच.

आता चुली का, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, तेव्हा आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात अकरा कुटुंबे येऊन राहिली. आम्ही मोठ्या उत्साहाने सामुदायिक भोजनाची व्यवस्था केली. दोन वेळा रांग, दोन वेळा ताटे, वहीत नोंद. सर्व कसे शिस्तीत! चौथ्या दिवशी एक बाई आमच्याजवळ येऊन म्हणाली, ‘फादर, भात नको म्हणत न्हाई मी. पर मागच्या शेडात एक चूल मांडू द्या. पोरं इचारालेत, आई, तू आता रांधणार न्हाईस काय?’ आम्ही नाही म्हटले. आगीची भीती हे कारण दिले. ते खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते. शेडला नुकताच रंग दिला होता. ती बाई काही बोलली नाही; ताट घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे केव्हा तरी वळिवड्याची हकीकत आमच्या वाचनात आली, आणि तिचा चेहरा आम्हांस पुन्हा दिसू लागला.

आता तेथे चुली कोठल्या! फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि त्यांच्या कष्टांतून गांधीनगरची ही पेठ उभी राहिली. जुन्या बराकींचे फारसे काही शिल्लक नाही. एका वयस्क सिंधी दुकानदाराने आम्हांस गादीवर बसवून चहा पाजला आणि अस्खलित मराठीत सांगितले, ‘माझी आजी खणात शिरली तेव्हा भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्याखाली क्रूसाच्या आकाराचा स्वच्छ डाग. बाकी भिंत धुराने काळी. आजीने त्याच खिळ्यावर झूलेलालची तसबीर लावली. म्हणायची, चूल तयार होती, फक्त विस्तव घालायचा होता.’ मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चहा गार झाला तरी आम्ही तेथून उठलो नाही.

दुपारी कोल्हापुरास जाऊन तेथील ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरींपुढे प्रार्थना केली. इतका प्रवास सोसून येथवर आलेली काही माणसे अखेर याच मातीत विसावली. महावीर उद्यानात त्या वसाहतीचा स्मृतिस्तंभ आहे, तोही पाहिला. आणि तिकडे वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे, ज्याला २०२४ च्या ऑगस्टात आपल्या पंतप्रधानांनी भेट दिली. वळिवड्याची मुले १९४७-४८ साली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली. थोडी पोलंडला परतली, आणि एखादी मुलगी येथेच लग्न करून कोल्हापूरकर झाली.

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या मेजावर एक ताट जास्त मांडण्याची रीत आहे, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा लाखो आया आपली मुले घेऊन पोलंडच्या सीमेवर आल्या. पुष्कळ पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरांत व आपल्या स्वयंपाकघरांत घेतले. आपले भारतीय विद्यार्थीही त्याच वाटेने सुखरूप बाहेर पडले.

परतीच्या गाडीत मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर आमच्या सभागृहामागील शेडची आकृती काढली. पत्र्याखाली विटांच्या ओट्याचे अकरा खण, प्रत्येक खणात एक शेगडी, दोन खणांमध्ये गोणपाटाचा पडदा. घटप्रभा येईपर्यंत आम्ही त्या कागदावर वाद घालीत होतो. मास्तरांना वाळूच्या बादल्या दाराशी हव्या होत्या, आम्हांस मध्यभागी. रंगाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. शेगड्या त्या दिवशी आमच्याकडे चार होत्या. नाताळापर्यंत सहा झाल्या.