डावीकडची चव

जिभेला हाड नसतं, असं आपण म्हणतो. पण जिभेची एक नस दोन हाडांच्या मधून जाते आणि ती हाडं कानात असतात, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

कानाच्या पडद्यामागे हातोडी आणि ऐरण ही दोन चिमुकली हाडं. त्यांच्यामधून कॉर्डा टिम्पनी नावाची दोऱ्यासारखी नस जाते. ही चेहऱ्याच्या नसेची फांदी. जिभेच्या त्या बाजूच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव ती मेंदूकडे नेते, शिवाय काही लाळग्रंथींनाही हुकूम देते. पडदा उचलून आत काम करायचं म्हटलं की ती वाटेतच येते. कधी ताणली जाते, कधी कापावीही लागते. आमच्या नेऱ्यात गटारासाठी खोदकाम निघालं की इंटरनेट जातं, तसंच हे.

लहानपणी माझे दोन्ही कान फुटायचे. दोन्ही पडद्यांना भोकं राहिली. गेल्या वर्षी डाव्या कानाचं ऑपरेशन केलं. चव बदलू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी चहा प्यायलो, तर खिळा चोखल्यासारखं वाटलं. जिभेची डावी कड सतत झिणझिणत होती. पूर्वी सेल चालू आहे का बघायला आम्ही तो जिभेला लावायचो, तशी.

मग मी टेस्टिंग सुरू केलं. डावीकडे मीठ ठेवलं, काही नाही. लिंबू, काही नाही. उजवीकडे सगळं ठीक. शाळेत जिभेचा नकाशा शिकवतात, टोकाला गोड, मागे कडू. तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, फक्त भागानुसार नसा वेगळ्या.

ठेचा मात्र दोन्हीकडे सारखाच झोंबला. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखट आहे, पण शरीराच्या हिशेबात ती चव नाही, भाजल्याची वेदना आहे. ती दुसऱ्याच नसेने जाते. मिरचीचा दाह ओळखणारा रिसेप्टर डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला, 2021 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. इंद्रायणीच्या भाताचा वासही तसाच येत होता, कारण तो नाकाचा प्रांत. म्हणून "कोविड झालाय का?" या मित्रांच्या प्रश्नाला उत्तर देताना मला दरवेळी अख्खं वायरिंग समजावून सांगावं लागे.

आईला ते वायरिंग पटलं नाही. आमच्या घरात चाखण्याचं काम माझं. तिचा उपास असला की पळीभर आमटी माझ्या तळहातावर यायची आणि मी "मीठ हवं" किंवा "बास" म्हणायचो. आता मला सगळंच अळणी लागू लागलं. मी "हवं" म्हणायचो, ती घालायची आणि बाबांचं बीपी वाढायचं. एक दिवस ती म्हणाली, "तुलाच कळेना, तर मी विचारू कुणाला रे?" त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

सहा महिन्यांनी धातूची चव गेली. खारट थोडं परतलंय, गोड अजून लांब आहे. बऱ्याच जणांची चव काही महिन्यांत परत येते, काहींची येत नाही. नस सावरते किंवा मेंदू दुसऱ्या नसांवर भागवायला शिकतो.

आता उजवा कान राहिलाय. तिकडेही तीच नस, तोच धोका. दोन्ही गेल्या तर जिभेच्या पुढच्या भागाची चवही जाईल आणि तोंडही कोरडं पडू शकेल. डॉक्टरांच्या मते तो कान सध्या कोरडा आहे, घाई नाही. म्हणून मी ठरवलंय, डावी बाजू कुठवर सुधारते ते वर्षभर बघायचं, मगच तारीख घ्यायची.

तोवर ऑफिसचा कॉल आला की मी फोन डाव्या कानाला लावतो आणि आईने पळी पुढे केली की आमटी जिभेच्या उजव्या कडेवर घेतो. परवा "बास" म्हणालो. तिने तरीही बाबांना विचारलं.