ग्रां पोर : एका विजयाची सावली

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर येथे उभा राहणारा प्रवासी प्रथम पाण्याचे रंगच पाहत राहतो. जवळ फिकट हिरवा, दूर गडद निळा. आणि दोहोंच्या मध्ये प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. ऑगस्ट १८१० मध्ये या उथळ पाण्याचा अर्थ ज्यांना वेळीच उमगला नाही, त्यांची जहाजे येथेच रुतली.

ग्रां पोरच्या त्या लढाईत इंग्रजांनी चार फ्रिगेटी गमावल्या. ‘सिरियस’ व ‘माजिसिएन’ खडकांवर अडकल्या आणि त्यांच्याच खलाशांनी त्या पेटवून दिल्या, ‘नेरेईद’वरील बहुतेक माणसे मेली वा घायाळ झाली, ‘इफिजेनिया’ अखेर शरण गेली. फ्रेंच सेनानी द्युपेरे आणि ‘नेरेईद’चा कप्तान विलोबी हे दोघेही जखमी झाले आणि एकाच घरात दोघांची शुश्रूषा झाली. त्या घराचे पुढे संग्रहालय झाले.

पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला फ्रेंच आरमाराचा हा एकमेव विजय होय. त्याचे आयुष्य मात्र जेमतेम सव्वातीन महिन्यांचे. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. त्या फौजेत बंगाल व मद्रासकडील शिपाईही होते. शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती राखण्याचे वचन दिलेले होते. त्याच्या आडोशाने जेत्यांच्या राज्यात जितांची भाषाही टिकली.

त्याच राज्यात १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते सुमारे साडेचार लाख झाले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणची मराठी माणसे होती. त्यांच्याही हाती करार होता. पण तो श्रमाचा होता, भाषेचा नव्हे. मळ्यातील व्यवहार क्रेओलने व्यापला, पुढे घरही. मराठी उरली ती देवापुढे, सणासुदीला आणि शाळेच्या वर्गात.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आज मराठी शिकविली जाते. त्या मजुरांच्या नोंदवह्याही तेथेच जपलेल्या आहेत. ग्रां पोरचे नाव दगडात कोरले गेले. ही नावे कागदावर आहेत, आणि कागदाची निगा दर पिढीला नव्याने राखावी लागते. भाषेचेही तसेच आहे.