एका ओळीत मावलेलं अख्खं पुस्तक

एल,45;421:6;253:एफ.44'एन5. कुलुपाचा आकडा वाटावा असा हा पुस्तकाचा वर्गांक. पण तो वाचता येतो! एल म्हणजे वैद्यक, 45 फुफ्फुस, 421 क्षय, 6 उपचार, 253 क्ष-किरण, एफ संशोधन, 44 भारत, एन5 म्हणजे 1950चं दशक. भारतात त्या दशकात फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करायच्या उपचारांबद्दलचं संशोधन, सगळं एका ओळीत. विरामचिन्हंसुद्धा बोलतात: टिंब आलं की स्थळ, वरचा स्वल्पविराम आला की काळ.

हा वर्गांक ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणातला. ते परीक्षेपुरतं आम्ही सगळेच वाचतो. बंगळूरला ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सच्या शेवटच्या सत्राचा पोर्टफोलिओ जुळवताना मात्र ते मला खरं भेटलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही. आणि रंगनाथनांची अखेरची वर्षं याच शहरातली! गणित शिकवणारा हा माणूस 1924मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, लंडनला शिकायला गेला आणि तिथल्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्याच्या डोक्यात आलं, की मोजके सुटे भाग जोडून हवा तो विषय उभा करता येईल. 1933मध्ये या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती निघाली. 1957मध्ये ते बंगळूरला आले, 1962मध्ये त्यांनी इथे डीआरटीसी ही प्रलेखनाचं संशोधन आणि प्रशिक्षण करणारी संस्था सुरू केली आणि 1972मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. म्हैसूर रोडवर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आवारात ती संस्था आजही आहे. त्या रस्त्यावरून बस गेली की मी खिडकीला नाक लावते.

पोर्टफोलिओसाठी मी एक छोटी मराठी सूची घेतली आहे. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले, त्याबद्दलचं लेखन. हे शेतीत ठेवायचं की वैद्यकात? डॉक्टरला हवं, कृषी सहायकाला हवं, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यालाही हवं. फडताळात पुस्तकाला जागा मात्र एकच. मी विषयाचे पैलू, म्हणजे त्याचे घटक, सुटे करून कागदावर मांडले: शरीर, कीटकनाशक, विषबाधा, यवतमाळ, 2017. मग ठरलं, वैद्यकात.

उरलेल्या वाचकांचं काय? इथे साखळी-निर्देशन नावाची गंमत आहे! वर्गांक शेवटाकडून एकेक कडी सोडत वाचायचा आणि प्रत्येक कडीची नोंद करायची. क्षयाच्या उदाहरणातल्या सुरुवातीच्या काही कड्या घ्या: 'क्षय, फुफ्फुस, वैद्यक', मग 'फुफ्फुस, वैद्यक', मग 'श्वसनसंस्था, वैद्यक', शेवटी नुसतं 'वैद्यक'. नोंदी जणू आपोआप पडतात, कुठली राहून जायची भीती नाही. ब्रिटिश नॅशनल बिब्लिओग्राफीने 1950पासून वीसेक वर्षं हीच पद्धत वापरली, हे वाचून मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. आता माझ्या सूचीत कुणी 'कीटकनाशक' शोधो, 'विषबाधा' शोधो की 'यवतमाळ', तो पोचणार त्याच पानावर. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा रंगनाथनांचा चौथा नियम मी भिंतीवर लावला होता. त्याचं यंत्र असं आतून चालतं होय!

मग काय, अख्खा पोर्टफोलिओच उसवला. तालिकीकरणाचे नमुने, कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर केलेलं काम, संदर्भसेवेचा अहवाल, सत्रांच्या क्रमाने लावलेलं सगळं काढून पैलूंनी लावलं आणि मागे साखळी-निर्देश जोडला. परीक्षकांनी कुठलंही पान मागावं, बोट थेट तिथे पडेल.

रूममेट धारवाडची. ती आता त्याच नोंदींना कन्नड शब्द लावून देतेय, कारण वर्गांकाला भाषा लागत नाही. मराठी शब्दावरून या की कन्नडवरून, घर एकच. काल रात्री जेवण राहिलं आणि आम्ही बेळगावच्या मराठी शाळांवरच्या पुस्तकाचे पैलू पाडत बसलो. शिक्षण हा मुख्य वर्ग, तिथपर्यंत एकमत आहे. पण मराठी माध्यम कुठल्या पैलूत घालायचं, यावर तिचं आणि माझं अजून जुळलेलं नाही.