पंतप्रधानांच्या आठवणी आणि बिस्किटांचा डबा

मंडळी, या देशात पंतप्रधानाची खुर्ची गेली की दुसऱ्या दिवशी दाराशी सामानाची गाडी येते आणि तिसऱ्या दिवशी प्रकाशक येतो, असं आम्ही दोघं गमतीनं म्हणतो. गंमत बाजूला ठेवली तरी गोष्ट फारशी खोटी नाही. चर्चिलसाहेबांनी दुसऱ्या महायुद्धावरचे सहा खंड १९४८ ते १९५३ या काळात काढले आणि १९५३ साली साहित्याचं नोबेल मिळवलं. पुढे कॅलहॅन (१९८७), थॅचरबाई (१९९३), मेजर (१९९९), ब्लेअर (२०१०), ब्राऊन (२०१७), कॅमेरॉन (२०१९) अशी रांगच लागली. लिझ ट्रसबाईंची कारकीर्द तर पन्नास दिवसही भरली नाही. आपल्याकडे तेवढ्यात लग्नाच्या आमंत्रणाची यादीसुद्धा पुरी होत नाही! पण २०२४ साली त्यांचंही पुस्तक आलं.

आम्ही १९७४ च्या शरद ऋतूत इथे आलो तेव्हा हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान होते. तेव्हापासून जे जे आले आणि गेले त्यांच्या आठवणींची पुस्तकं लायब्ररीतून आणून वाचायची, हा निवृत्तीनंतर आम्हाला जडलेला नाद. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं भाजी निवडायची. हेतू एवढाच, की ज्या वर्षी आपण हीटरच्या मीटरमध्ये नाणी टाकत होतो, त्या वर्षी दहा नंबरच्या घरात काय चाललं होतं ते कळावं.

ही पुस्तकं तयार कशी होतात तेही मोठं पाहण्यासारखं आहे. रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्याच्या डायऱ्या त्याच्या मृत्यूनंतर छापायला निघाल्या, तेव्हा सरकारनं १९७५ साली त्या अडवायचा प्रयत्न केला. कोर्टानं सरकारचं म्हणणं मानलं नाही. मग लॉर्ड रॅडक्लिफ यांच्या समितीनं १९७६ साली नियम सुचवले: माजी मंत्र्यानं हस्तलिखित आधी कॅबिनेट सेक्रेटरीला दाखवावं, आणि सहकाऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या खाजगी सल्लामसलतीबद्दल पंधरा वर्षं तरी जपून लिहावं. बदल्यात माजी मंत्र्याला स्वतःच्या वेळची सरकारी कागदपत्रं पुन्हा बघता येतात. मदतीला जाणकारांची फळी असते. कॅमेरॉनसाहेबांनी तर लिहिण्यासाठी बागेत चाकांवरची लाकडी खोली आणून ठेवली, पूर्वी इथले मेंढपाळ वापरत तशी. आमच्या देशावरच्या धनगरांना सांगितलं तर ते म्हणतील, आम्ही एवढी वर्षं रानात राहिलो, आम्हाला कुणी पुस्तक लिही म्हणालं नाही!

एवढी तयारी करून लिहिलेल्या पुस्तकांत जे असतं ते वाचनीय असतंच. पण आम्हाला हळूहळू जास्त ओढ लागली ती जे नसतं त्याची. चर्चिलसाहेबांच्या सहा खंडांत रणगाडे आहेत, तारा आहेत, नकाशे आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली, त्याला मात्र नावापुरतीच जागा. मेजरसाहेबांचं १९९९ चं आत्मचरित्र आम्हाला आवडलं होतं. ब्रिक्स्टनच्या भाड्याच्या खोल्यांतलं त्यांचं लहानपण वाचताना गिरगावातल्या चाळीची आठवण झाली. त्यात जी एक घरगुती गोष्ट नव्हती ती तीनच वर्षांनी, २००२ साली, एडविना करीबाईंच्या डायरीतून जगाला कळली. आत्मचरित्र म्हणजे पाहुणे यायच्या आधी आवरलेली बाहेरची खोली. आतल्या खोलीचं दार लोटलेलंच असतं.

आता थॅचरबाई. त्यांच्याबद्दल आपल्या मराठी घरांत एकमत कधीच नव्हतं, आमच्या घरातही नाही. ग्रँथमच्या वाणसामानाच्या दुकानदाराची मुलगी, दुकानाच्या वरच राहणारी, ती देशाची पहिली स्त्री पंतप्रधान होते याचं आपल्या बायकांना केवढं कौतुक! शिवाय १९८० च्या कायद्यानं कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकत घेता आली, त्यात ओळखीच्या काही जणांचंही भलं झालं. पण त्याच बाईंनी जानेवारी १९७८ मध्ये टीव्हीवर बोलताना, वेगळ्या संस्कृतीची माणसं येऊन हा देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते, असं म्हटलं होतं. ती मुलाखत झाली तेव्हा आमचा थोरला पाळण्यात होता. त्याला बघून आम्ही एकमेकांना म्हणालो, ‘एवढ्याशा जिवानं एवढा मोठा देश बुडणार होय?’ हसलो, पण त्या रात्री झोप काही लागली नाही.

दहा नंबरच्या घरातल्या साडेअकरा वर्षांवरचं बाईंचं पुस्तक नऊशेच्या वर पानांचं आहे. फॉकलंडचं युद्ध, खाणकामगारांचा संप, युरोपशी भांडणं यांना प्रकरणंच्या प्रकरणं दिली आहेत. बाहेरून येणाऱ्यांच्या नियमांना त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. त्यांच्या बाजूनं विचार केला तर ठीकच आहे. साडेअकरा वर्षांत काय काय घालणार? पण आमच्या घरातली सव्वादोन वर्षं त्या नियमांनी खाल्ली. ती हकीकत आमच्या पुतणीची. तिला विचारूनच लिहितो आहोत. तिची अट एकच: नाव घालायचं नाही.

ती शाळकरी वयात इथे आली, इथेच शिकली, नोकरीला लागली. डिसेंबर १९८६ मध्ये नाशिकला तिचं लग्न झालं. त्या काळी ‘प्रायमरी पर्पज’ नावाचा नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरण्याचा नाही हे नवऱ्यानं सिद्ध करायचं. १९८५ पासून बायकांनाही तो लागू झाला. हेतू सिद्ध करायचा म्हणजे काय हो? मनात नसलेली गोष्ट मनात नाही हे दाखवायचं तरी कसं? जावईबापूंना मुलाखतीत विचारलं, ‘तुमच्याकडे लग्नानंतर मुलगी सासरी जाते ना? मग तुम्ही उलटे का निघालात?’ ते सरळ माणूस. म्हणाले, ‘तिची नोकरी तिकडे आहे.’ झालं! म्हणजे तुम्हाला तिकडेच राहायचं आहे. नकार. आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते हे आम्हाला ठाऊक होतं; साहेबाच्या कचेरीत तो पुरावा धरला जाईल हे नव्हतं.

मग अपील. कागद, फोटो, पत्रांच्या नकला. मधल्या काळात पुतणी रजा काढून नाशिकला जाऊन आली आणि १९८८ मध्ये तिला इथेच मुलगा झाला. बारसं आमच्या घरी केलं. बापानं मुलाला पहिल्यांदा पाहिलं ते १९८९ च्या वसंतात, हीथ्रोवर. पोरगं तेव्हा अकरा महिन्यांचं होतं आणि परका माणूस उचलून घेतोय म्हणून रडून त्यानं आकांत केला. तो नियम जून १९९७ मध्ये, लेबर सरकार आल्याबरोबर, रद्द झाला. आता तो कायद्याच्या अभ्यासकांनाच आठवत असेल.

हाच मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला तेव्हा ए लेव्हलच्या राजकारणाच्या विषयासाठी त्यानं थॅचरबाईंचं पुस्तक वाचलं आणि भारावून गेला. आमच्याकडे जेवायला बसलेला असताना त्यानं आईला विचारलं, ‘त्या वेळी तुला काही त्रास झाला का गं?’ ती आमटी वाढत म्हणाली, ‘नाही रे, सगळं बरं चाललं होतं.’ जावईबापूंनी ताटातून मान वर केली नाही. आम्हीही गप्प राहिलो, कारण सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. पण त्या दिवसापासून आम्हाला कळलं की आठवणींतून पानं गाळायला पंतप्रधान असावं लागत नाही. फरक इतकाच, की त्या गाळतात त्या पानांची सरकारी फाईल कुठेतरी असते. आपण गाळलेलं पान आपल्याबरोबरच जातं.

सरकारी फायली उघडतात हे मात्र या देशाचं मान्य करायला हवं. पूर्वी त्या तीस वर्षांनी उघडत. २०१३ पासून ती मुदत टप्प्याटप्प्यानं वीस वर्षांवर आणली गेली. २००९ च्या अखेरीस १९७९ चे कागद खुले झाले. व्हिएतनाममधून होड्यांनी निघालेल्या निर्वासितांना कौन्सिलची घरं द्यायला थॅचरबाई किती नाखूश होत्या हे त्यांतून दिसलं. (शेवटी दहा हजार माणसं घ्यायचं ठरलं, हेही खरं.) जानेवारी २०१४ मध्ये, अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या कारवाईआधी, फेब्रुवारी १९८४ मध्ये एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं भारत सरकारला सल्ला दिल्याचं कागदांतून बाहेर आलं. चौकशी झाली, पार्लमेंटमध्ये निवेदन झालं; त्या सल्ल्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा नव्हता असं सांगितलं गेलं. पटो न पटो, कागद होता म्हणून प्रश्न तरी विचारता आला.

आपल्याकडचं उदाहरण पाहिलं की मन जरा हळवं होतं. यशवंतराव चव्हाणांनी आठवणी लिहायला घेतल्या त्या देवराष्ट्र्याच्या आजोळापासून. ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये आलं आणि ते १९४६ पाशी थांबतं. महाराष्ट्राचं पहिलं मुख्यमंत्रिपद, १९६२ च्या युद्धाच्या अखेरीस हाती आलेलं संरक्षण खातं, १९७९ चं उपपंतप्रधानपद, हे सगळं पुढच्या खंडांत यायचं होतं. वेणूताई १९८३ मध्ये गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतरावही गेले. थॅचरबाईंनी आधी सत्तेची वर्षं लिहिली आणि बालपणाचं पुस्तक दोन वर्षांनी, १९९५ साली काढलं. यशवंतरावांनी आधी आईविषयी लिहिलं, नदीविषयी लिहिलं, आणि सत्तेपर्यंत पोचायला वेळच उरला नाही. कोणती रीत शहाणी हे सांगता यायचं नाही. कृष्णाकाठची पानं वाचताना आम्हाला तर वाटतं, बरं झालं, आधी तीच लिहिली. पण दिल्लीबद्दल त्यांना काय म्हणायचं होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही. नरसिंह रावांनी तिसरीच वाट धरली. मराठी उत्तम जाणणारा हा माणूस, रामटेकचा खासदार, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा. त्यांनी स्वतःचं राजकीय आयुष्य १९९८ साली कादंबरीच्या पडद्याआडून सांगितलं.

आपल्या पिढीपुढे आणखी एक पेच आहे. लिहायचं तर कुठल्या भाषेत? मराठीत लिहिलं तर नातवंडांना वाचता येत नाही. इंग्रजीत लिहिलं तर त्या वर्षांचा वास जातो. ‘जीव टांगणीला लागला होता’ हे इंग्रजीत लिहायला घेतलं की काहीतरी सांडतंच. आमच्या पुतणीनं या पेचातून आपल्यापुरती वाट काढली. गेल्या वर्षी दिवाळीत तिनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मुलापुढे ठेवला. त्यात सव्वादोन वर्षांची पत्रं होती: निळी एरोग्रॅम, कडेपर्यंत बारीक अक्षरात भरलेली, आणि तळाशी ते नकाराचं टंकलिखित पत्र. तो पहिल्यांदा तेच वाचू शकला, कारण ते इंग्रजीत होतं. दोनदा वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाकीची तू वाचून दाखव ना.’ ती म्हणाली, ‘मी नाही वाचणार. मला रडू येईल. तू देवनागरी शीक.’

आता हा पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ रविवारी मराठीच्या वर्गात आपल्या सहा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बाराखडी गिरवतो. ‘ळ’ आला आहे, ‘ज्ञ’ अजून अडतो. वडिलांचं पहिलं पत्र त्यानं तीन आठवड्यांत लावलं. त्यात म्हणे नाशिकच्या पावसाबद्दलच लिहिलंय, आणि शेवटी बाळाचं वजन किती ते कळव म्हणून.

तेव्हा मंडळी, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर तो खाली काढा. पत्रांवर तारखा नसतील तर आठवतील तशा घाला. फोटोंच्या मागे नावं लिहा, पेन्सिलीनं, शाई उमटते. आपल्या आठवणी तपासायला कुणी कॅबिनेट सेक्रेटरी येणार नाही, आणि तीस वर्षांनी उघडायला कुणी फाईलही ठेवलेली नाही.