ठाण्याचे जज्जसाहेब आणि माझा टी-शर्ट

जगातला पहिला न्यूडिस्ट क्लब कुठे निघाला असेल? बहुतेक जण जर्मनी म्हणतील. पण ज्याची कागदोपत्री माहिती मिळते असा पहिला क्लब आपल्या ठाण्याचा! साल १८९१. ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली. सभासद किती, तर तीन. एक स्वतः जज्जसाहेब आणि दोन एका मिशनऱ्याची मुलं. हे लोक माथेरानला जाऊन कपडे उतरवून बसायचे. क्रॉफर्डनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला पत्रं लिहिली, म्हणून हे आपल्याला कळतं. पुढे साहेबांची बदली रत्नागिरीला झाली, क्लब बसला आणि १८९४ मध्ये ते वारले. बदलीने बंद पडलेली संस्था! सरकारी नोकरांना हे लगेच पटेल :)

आता माथेरान आमच्या रायगड जिल्ह्यात आणि मी म्हसळ्याचा. पण म्हणून मी यात शिरलो असं नाही.

मी ऑनसाइट असताना म्युनिकला वर्षभर होतो. जूनमध्ये ऊन पडलं की इंग्लिशर गार्टनमध्ये आणि ईझार नदीकाठी लोक बिनधास्त नागडे पडलेले असतात. शेजारी सायकल, डोक्याखाली ऑफिसची बॅग. ऐन शहरात, बरं का. आमच्या टीममधला एक पन्नाशीचा गृहस्थ म्हणाला, यात काय विशेष, आम्ही लहानपणापासून असेच पोहतो. तो पूर्व जर्मनीतला, बाल्टिक किनाऱ्यावरचा.

याला तिकडे एफ-का-का म्हणतात, फ्रायकोर्परकुल्टुर, म्हणजे मोकळ्या शरीराची संस्कृती. मूळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. कारखान्यांची शहरं, कोंदट खोल्या, क्षय, आणि त्यावर उपाय म्हणून ऊन, हवा, शाकाहार, व्यायाम. मग पुस्तकं आली, मासिकं आली. हान्स झुरेनचं 'डेअर मेन्श उंड दी झोन' १९२४ मध्ये निघालं आणि तुफान खपलं. मासिकांत मात्र गंमत होती. लेख आरोग्यावर आणि छायाचित्रं नग्न माणसांची, त्यामुळे घेणारे सगळेच काही लेखांसाठी घेत नसणार! शिवाय सगळीच मंडळी भाबडी नव्हती. रिशार्ड उंगेविटरसारखे लोक नग्नतेतून वंशशुद्धी शोधत होते. मार्च १९३३ मध्ये गोअरिंगने नग्नतेच्या चळवळीविरुद्ध फर्मान काढलं, पण राजवटीच्या सोयीची शाखा पुढे वेगळ्या नावाने चालू दिली गेली. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत १९५३ चा तरुणांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्याने चित्रांतून नग्नतेचा प्रचार करणारी मासिकं मुलांच्या हाती पडू नयेत अशी बंधनं घातली.

त्याच १९५३ साली मुंबईत एक मराठी मासिक बंद पडलं. 'समाजस्वास्थ्य'. संपादक र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये नोकरी गेली, १९२७ मध्ये त्यांनी मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर बरेचदा नग्न स्त्रीचं चित्र. मराठी मासिकावर, त्या काळात! शरीर मुळात अश्लील नसतं, अश्लीलता बघणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांचं म्हणणं. युरोपातल्या नग्नतेच्या चळवळीचंही ते समर्थन करायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं अश्लील कशी, हा तो वाद. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक चालू राहिलं.

कर्व्यांचं एक मला खास वाटतं. जर्मन मासिकं निरोगी, बांधेसूद, उन्हात रापलेली शरीरं दाखवायची. 'समाजस्वास्थ्य'मध्ये मात्र वाचक स्वतःच्या लाजिरवाण्या अडचणी लिहून पाठवत आणि गणिताचा प्राध्यापक न लाजता उत्तर देई. सुंदर शरीर उघडं करायला फारसं धाडस लागत नाही हो.

हे मी का म्हणतो? माझ्या पाठीवर कोड आहे. नववीत असताना सुरू झालं. तेव्हापासून दिवेआगरला सगळी भावंडं पाण्यात आणि मी टी-शर्ट घालून वाळूत, सामानाची राखण करायला. आई विहिरीवर आंघोळीला पाठवायची नाही, न्हाणीघरातच. कुणी काही बोललं नाही. पण लग्न जमवताना आत्याने हळूच विचारलं होतं, "मुलीकडच्यांना सांगितलंय ना रे?"

ईझारच्या काठी मी एका रविवारी शर्ट काढला. फक्त शर्ट, घाबरू नका. आजूबाजूला सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, एका आजीबाईंना एकच स्तन. कुणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण नजर पुढे गेली. वीस मिनिटांत पाठ भाजली, कारण कोडाच्या जागी रंगद्रव्यच नसतं, ऊन सोसत नाही. सनस्क्रीन नेलं नव्हतं.

बायकोला फोनवर सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "मेमध्ये दिवेआगरला उतरशील का असा?"

म्हटलं, तिथे आत्या असेल.

"मग काय झालं?"

तिकिटं सोळा मेची काढली आहेत. सनस्क्रीन तिने घेतलंय, दोन बाटल्या.